कुशावर्ता मॅडमची उडी

“मॅडम या साली स्वतःच उडी मारून राहिल्यात म्हणं.”

“कुठली उडी?”

“बर्फातली. बांधावरनं.”

“आगं बाई! रिटायर व्हायच्या वयात? अन् पडल्या मंजे?”

“पडायचं तर त्याच शिकवतेत की आपल्याला.”

मी सोयाबीनच्या भुसकटाच्या ढिगाआड बसून बूट झटकत होते, म्हणून त्या दोघींना दिसत नव्हते. असं न दिसता बसणं मला आवडतं. पुढचं ऐकायला मिळावं म्हणून मी दुसरा बूटही काढला. पण तेवढ्यात ढिगाच्या माथ्यावरून आवाज आला, “तिथं काय पंचायत भरलीय? या वर! अन् ती रुता कुठाय? ढिगाखाली गेली का काय?”

तो आवाज कुशावर्ता मॅडमचा. लातूरच्या ज्या इंग्लिश मीडियम शाळेत मी शिकले, तिथे त्या पीटी शिकवायच्या. शाळेत सगळ्या बाईंना ‘मॅम’ म्हणायची पद्धत होती. ती त्यांनी पहिल्याच तासाला मोडून काढली. “मॅम काय? करडू ओरडल्यावानी वाटतंय. मॅडम म्हणा, न्हाईतर बाई म्हणा.” मी दोन्हीपैकी काहीच म्हणायचे नाही. हजेरीला ‘प्रेझेंट’ इतकं हळू म्हणायचे की त्या मान वर करून मला शोधायच्या आणि स्वतःच “हाय, हाय, बसलीय” असं म्हणून पुढचं नाव घ्यायच्या.

दर जानेवारीत त्या लातूर आणि नांदेडच्या दहा-बारा मुलींना हिमाचलात न्यायच्या, स्की आणि स्नोबोर्ड शिकवायच्या आणि परत आणायच्या. ‘परत आणायच्या’ हा त्यांच्या दृष्टीने मुख्य भाग. “न्यायला काय, कुणी बी नेतंय. गाडीत बसलं की माणूस जातंय. जशी नेली तशी आणायची, ती खरी जिम्मेदारी.”

लातूरच्या बाईचा बर्फाशी संबंध काय, हे सगळेच विचारतात. तरुणपणी त्यांच्या शाळेतून कुणाला तरी बर्फातल्या खेळांच्या शिबिराला पाठवायचं होतं. यादीत नाव आलेल्या प्रत्येक शिक्षकाच्या घरी नेमकं लग्न निघालं. राहिल्या मॅडम. “मला वाटलं, बर्फ मंजे रसवंतीवाल्याकडचा. गोणपाटात गुंडाळलेला. तिथं जाऊन बघते तर डोंगरच्या डोंगर उघडे टाकलेले.” त्या शिबिरात त्या इतक्या वेळा पडल्या की शेवटी पडण्यातच तरबेज झाल्या, असं त्या सांगत. मग त्यांना वाटलं, आपल्याकडच्या पोरींना हे दाखवलं पाहिजे.

पडण्याचा सराव लोह्याजवळच्या त्यांच्या भावाच्या शेतात व्हायचा. लोहा लातूर आणि नांदेडच्या मधल्या रस्त्यावर. म्हणजे दोन्हीकडच्या मुली रविवारी एसटीने यायच्या आणि अंधार पडायच्या आत घरी जायच्या. सोयाबीनची मळणी झाली की भुसकटाचा ढीग घराएवढा उभा राहतो. शेजारी ट्रॅक्टरची ट्रॉली. ट्रॉलीवरून ढिगात पडायचं, एवढाच अभ्यासक्रम. त्यांचा भाऊ दरवर्षी कुरकुर करायचा.

“अक्का, जनावराच्या तोंडचा घास हाय हो तो. पोरी लोळून राहिल्या त्याच्यात.”

“लोळू दे की. मऊ होतंय उलट. म्हशीला विचार, आवडंल तिला.”

पहिले काही रविवार नुसतं पडायचं. पुढे पडायचं तर गुडघे आणि कोपरापासूनचे पुढचे हात टेकवायचे. मागे पडायचं तर हनुवटी छातीला लावून पाठ गोल करायची. आणि श्वास सोडायचा. मी पहिल्यांदा पडले तेव्हा तोंडातून ‘आउच’ निघालं. मॅडम ट्रॉलीवर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. “ए इंग्लिश मीडियम, जरा मराठीत पड की! आउच म्हणल्यावर तोंड मिटतंय. आई गं म्हण, लांब. सगळा श्वास भाईर येतो.” मी खाली तोंड करून ‘आई गं’ म्हटलं. “आता कसं!” त्या म्हणाल्या. सगळ्या मुली हसल्या, पण त्यात मला लाज वाटावी असं काही नव्हतं. प्रत्येकीची पाळी येणारच होती.

खरी अडचण वेगळीच होती. आमच्या बहुतेक मुली कबड्डीच्या होत्या. कबड्डीत चढाईला गेलेल्या मुलीला पकडलं, पाडलं, अंगावर चौघी बसल्या, तरी एकच गोष्ट करायची असते: हात लांब करून मधल्या रेषेला बोट लावायचं. बोट लागलं की ती जिवंत आणि वर गुण. हे इतकं अंगात मुरलेलं असतं की पडताना डोकं विचार करायच्या आधी हात पुढे जातो. बर्फात हेच घातक. सगळ्या अंगाचं वजन त्या एका पंजावर येतं आणि मनगट मोडतं. तिथल्या प्रशिक्षकांना कळायचं नाही की महाराष्ट्रातून आलेल्या या चपळ, धीट मुली पडताना हात असे का फेकतात.

मॅडमची उडी ठरली त्याच्या आदल्या वर्षी नांदेडची सायमा अशीच पडली होती. साधा उतार, साधं पडणं, पण हात सरळ रेषेकडे गेला. तिथे रेषा नव्हती. मनगट मोडलं.

त्यावर मॅडमनी काढलेला उपाय म्हणजे लिंबू. दोन्ही मुठीत एकेक लिंबू धरून ट्रॉलीवरून पडायचं. लिंबू सुटलं तर बांधापर्यंत पळून यायचं. मूठ बंद राहिली की पंजा टेकवता येत नाही, आणि लिंबू सांभाळायच्या नादात मुलगी आपोआप कोपरावर येते. “रेषा इसरा,” त्या ओरडायच्या. “रेषा घरी ठिवून आलाव आपण! मूठ! मूठ!” सराव संपला की त्याच लिंबांचं सरबत व्हायचं. त्यात थोडं भुसकटही असायचं.

सायमाच्या वडिलांना, रफिकचाचांना, मी मॅडमबरोबरच पहिल्यांदा भेटले. नांदेडच्या जुन्या भागात त्यांचं गाद्यांचं दुकान आहे, त्यांच्या आजोबांपासूनचं. मॅडम दरवर्षी तिथून मुलींच्या कमरेला बांधायच्या गाद्या शिवून घ्यायच्या. स्नोबोर्ड म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीला बांधून घसरायचं; शिकताना माणूस शंभरदा बुडावर आपटतं. त्या वर्षी मात्र प्रश्न गादीचा नव्हता. सायमाला पुन्हा पाठवायचं की नाही, हा होता.

चाचांनी चहा मागवला. गादीचा नमुना हातात घेऊन दाबून बघितला. “मॅडम, इतका कापूस भरला तर पोरगी बसणारच नाही, टुणकन उडंल.”

“उडू दे ना. उडायलाच चाललीय.”

“ते बी खरं.” चाचा थोडा वेळ टाके बघत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, “मॅडम, एक विचारू? राग मानू नका. ती मोठी उडी पोरी मारतेत म्हणं, बर्फाच्या बांधावरनं. तुम्ही मारलीय का कधी?”

मी मॅडमकडे बघितलं. 

त्यांनी मारली नव्हती. बर्फ दाबून केलेल्या त्या उंचवट्याला आमच्या मुलींनी ‘बांध’ हे नाव दिलं होतं. शेताच्या बांधासारखाच दिसतो. फक्त त्यावरून जोरात आलं की माणूस हवेत जातं. मॅडमनी कितीतरी मुलींना ती उडी शिकवली. स्वतः मात्र त्या बाजूला उभ्या. कारण सरळ होतं: बरोबर मोठं माणूस त्या एकट्याच. त्यांचा पाय मोडला तर दहा-बारा पोरींना परत कोण आणणार?

“न्हाई मारली, चाचा,” त्या म्हणाल्या. “पण या साली मारते. माझी बी ही आखरीच खेप हाय. आता ही रुता हाय ना सोबत, मोठी झाली. मला काय झालं तर ही आणंल पोरींना.”

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी चहाच्या कपाकडे बघितलं.

“ही बोलते का पण?” चाचांनी विचारलं.

“बोलत न्हाई. बघती.”

सायमाला परवानगी मिळाली. चाचांनी तिची गादी सगळ्यात जाड शिवली. आणि मॅडमची उडी त्या क्षणापासून सगळ्यांची झाली. लातूरमध्ये माझ्या आईलाही भाजीवालीकडून कळलं. शाळेतले सर लोक विचारायचे, “मॅडम, विमा काढलाय ना?” त्या म्हणायच्या, “तुमच्या नावानं काढलाय.” हसण्यावारी न्यायच्या, पण सगळं शेत मोकळं झालं की त्या एकट्या ट्रॉलीवर चढून उडी मारायच्या. हवेत गुडघे पोटाशी घ्यायच्या, मुठी बंद. मी एसटीच्या थांब्यावरून बघायचे. त्यांना ते हवं होतं. जे वर्षानुवर्षं दुसऱ्यांना शिकवलं, ते एकदा आपल्या अंगानं करून बघायचं होतं.

आता थोडं बर्फातल्या मॅडमविषयी. केशरी जाकीट, त्याखाली घरी विणलेला स्वेटर, डोक्याला हेल्मेट आणि हेल्मेटच्या आत कानावरून घट्ट बांधलेला रुमाल. उतारावर गेल्या गेल्या त्या आधी तो सबंध पायी चालून यायच्या. खड्डा कुठे, दगड कुठे, झाड किती जवळ. मग टाच रोवून बघायच्या. आमच्याकडे पावसानंतर शेतकरी अशीच टाच रोवून जमिनीला वापसा आलाय का बघतो. फार ओल नाही, फार कोरडं नाही, तेव्हाच पेरायचं. मॅडम बर्फालाही तेच लावायच्या. सकाळी बर्फ रात्रभर गोठून दगड झालेला असायचा. “वापसा न्हाई अजून. उन्हं वर येऊ द्या.” दुपारनंतर पाणी सुटायला लागलं की, “गेला वापसा. चला, चहा.” तिथले प्रशिक्षक ठाकूरभाई आधी हसायचे. पुढे तेही मुलींना विचारायला लागले, “वापसा आया क्या?”

कुणाचा बोर्ड कुणाच्या रस्त्यात आला की त्या चिडायच्या. “खालच्या माणसाला मागं डोळे नसतेत. तू वर हाईस, तू बघ.” उतारावर मधेच बसून गप्पा मारणाऱ्या मुलींना त्या एका शब्दात उठवायच्या: “म्हशी!” कोणी हेल्मेटचा पट्टा सैल ठेवला तर काही न बोलता जाऊन स्वतः आवळायच्या, हनुवटीला चिमटा बसेपर्यंत. कोणी आखडून म्हणालं की मला आता जमतं, तर ठरलेलं वाक्य यायचं, “बर्फ कुणाचा जावई न्हाई. मान ठिवणार न्हाई तुझा.”

त्यांचं आणखी एक होतं. ‘शेवटचं एकदा’ असं म्हणायला बंदी. घरातून निघताना आपण ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो, तसंच. दमलेल्या पायांनी मारलेली शेवटची फेरीच माणसाला दवाखान्यात नेते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून दिवस संपताना म्हणायचं, “अजून दोन.” आणि त्या दोन न मारता तिथेच थांबायचं. बोर्ड काढून सरळ खोलीवर.

मी त्यांच्याबरोबर कशी गेले, हे दोन ओळींत सांगते. कॉलेज संपलं होतं, मी लातूरमध्ये घरातूनच एका कंपनीचं काम करत होते. दिवसदिवस कुणाशी बोलावं लागायचं नाही आणि ते मला ठीक वाटायचं. मॅडमनी मला औशाच्या रस्त्यावर गाठलं. “काय करून राहिलीस?” मी सांगितलं. “मंजे घरात बसून खिडकीतनं बघून राहिलीस. ते बर्फात बी करता येतंय. चल.” तिथे गेल्यावर त्यांनी मला बांधाच्या पलीकडे उभं केलं. वरून येणाऱ्याला आपण कुठे उतरणार ते दिसत नाही. तिथे कुणी पडलेलं असलं, कुणी पर्यटक फोटो काढत आडवा आला असला, तर उडी मारणाऱ्याला कळायचा मार्ग नाही. म्हणून खाली एकजण उभी. रस्ता मोकळा असला की एक हात सरळ वर. नसला की दोन्ही हात डोक्यावर आडवे. हे काम न बोलता करायचं असतं, म्हणून मला फार आवडलं.

मॅडम आता निवृत्त होऊन लोह्याजवळ भावाच्या शेजारी राहतात. ठणठणीत आहेत. उडी मात्र राहिली. पुढच्या वर्षी गुडघ्यांनी नकार दिला. भेटायला येईल त्याला माझ्याकडे बोट करून सांगतात, “माझी उडी हिनं खाल्ली.” आणि त्याच दमात नव्या मुलींच्या आयांना म्हणतात, “पोरगी पाठवायची तर ही सोबत असली तरच पाठवा.” त्या दिवसाचं त्यांना स्वतःला नीट आठवत नाही. म्हणून ते मी लिहिते.

उडीचा दिवस ठरला होता तो, परतीच्या आदला. ऊन चांगलं पडलं होतं. वापसा येईपर्यंत सगळ्यांनी चहा घ्यायचा असं ठरलं. टपरीसमोर सपाट जागा आहे. मॅडमनी चहासाठी हेल्मेट काढून बाकावर ठेवलं आणि दोन पावलं चालल्या, तेवढ्यात वरून टायरच्या ट्यूबवर बसलेला एक पर्यटक घसरत आला आणि मागून त्यांच्या पायांवर आदळला. त्या उताण्या पडल्या. डोकं मागच्या बाजूने टणक बर्फावर लागलं. सायमा धावली, मीही धावले. पण त्या स्वतःच उठल्या, जाकीट झटकलं, त्या माणसाला म्हणाल्या, “बाबा, म्हशीनं ढुसणी दिली तवा बी इतकं सावकाश उठले न्हाई मी.” त्याला मराठी कळलं नाही. आम्ही सगळे हसलो. विषय संपला.

चहा पिताना त्यांनी मला विचारलं, “रुता, आईच्या गुडघ्याचं काय झालं गं?”

“ऑपरेशन झालं, मॅडम. चालते आता.”

“लई चांगलं. तूप खाऊ घाल तिला.”

मग त्यांनी हेल्मेट घातलं, पट्टा आवळला, मुलींनी ‘मॅडम, मॅडम’ सुरू केलं. रोपवेच्या रांगेत मी त्यांना सोडायला मागे उभी होते. वळून म्हणाल्या, “रुता, आईच्या गुडघ्याचं काय झालं गं?”

मला वाटलं, गडबडीत ऐकलं नसेल. मी पुन्हा सांगितलं.

“लई चांगलं. तूप खाऊ घाल तिला.”

रांग पुढे सरकली. सायमाने त्यांचा बोर्ड हातात दिला. त्यांनी तो घेतला, काखेत धरला, आणि माझ्याकडे बघून अगदी त्याच मायेने, त्याच सुरात विचारलं, “आईच्या गुडघ्याचं काय झालं गं?”

सायमा तेव्हा कॅमेरा लावत होती. ठाकूरभाई बांधावरचा बर्फ खोऱ्याने सारखा करत होते. मॅडम एरवीही सगळ्यांना सगळं विचारत असायच्या, त्यामुळे कुणाच्या कानाला ते खटकलं नाही. मी काही बोलणार तोवर त्या पाळण्यात बसून वर गेल्या. माझी जागा खाली होती. मी जाऊन उभी राहिले आणि मनात ते घोळवत राहिले. डोक्याला मार लागलेलं माणूस तेच तेच विचारतं. बाहेरून काही दिसत नाही, ते हसतं, चालतं, आणि मिनिटापूर्वीचं उत्तर त्याच्यापाशी राहत नाही. तशात दुसरा मार बसला तर माणूस हातचं जातं. हे आमच्यापैकी प्रत्येकीला माहीत होतं. शिकवलं होतं मॅडमनीच.

पण त्यांना थांबवायचं म्हणजे ती उडी काढून घ्यायची. दुसरा दिवस नव्हता. खाली दहाजणी फोन धरून उभ्या होत्या. नांदेडला रफिकचाचा व्हिडिओची वाट बघत होते. आणि माझी चूक असली तर? थकलेलं माणूस तेच विचारू शकतं. म्हातारं माणूस विचारू शकतं.

वर, निळ्या आकाशाला लागून, केशरी जाकीट उभं राहिलं. मॅडमनी एक पाय बोर्डला बांधला आणि माझ्याकडे बघितलं.

मी दोन्ही हात डोक्यावर आडवे केले.

त्या खुणेला कधी कुणी कारण विचारत नसे. नुसतं थांबायचं असे. ठाकूरभाईंनी उतरायच्या जागेकडे बघितलं, ती रिकामी होती, त्यांना वाटलं माझा घोटाळा झालाय. “दीदी, सब खाली है!” मुली ओरडल्या, “ताई, हात खाली घ्या की, शूटिंग चालू हाय!” सायमा तेवढी वळून माझ्या तोंडाकडे बघायला लागली.

“रुता!” वरून आवाज आला. “हात कामून आडवे? रस्ता तर मोकळा हाय!”

त्या वाकल्या आणि दुसऱ्या पायाचा पट्टा ओढू लागल्या. चालत वर जायला वेळ नव्हता. माझे हात तसेच आडवे होते. मी हातमोजे काढले, दोन्ही पंजे तोंडाभोवती धरले, आणि लातूरलाही ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले,

“मॅडम, उडी मारायची नाही! आईच्या गुडघ्याचं तुम्ही मला तीनदा विचारलंत. बोर्ड काढा अन् तिथंच बसा. मी वर येतेय!”